घाटाचे ऋण

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या मुख्य घुमटावर एक स्त्रीमूर्ती उभी आहे. एका हाती मशाल व दुसऱ्या हाती चाक घेतलेली ही मूर्ती प्रगतीचे प्रतीक मानली जाते. तिच्या खाली, इमारतीच्या दर्शनी भागावर, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीच्या धुरीणांचे चेहरे कोरलेले आहेत. त्यांत सर जमशेटजी जिजीभाई आणि नाना शंकरशेट हे या नगरीचे दोन थोर पुरुषही आहेत, याचा मुंबईकरांना सार्थ अभिमान वाटतो. परंतु ही शिल्पे पाहताना एक गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहत नाही. पुरुष तेथे आहेत ते व्यक्ती म्हणून. स्त्री आहे ती केवळ प्रतीक म्हणून. भारतीय रेल्वेच्या इतिहासाने स्त्रीशी जो व्यवहार केला तो या एका वास्तूत दगडात उतरला आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

याचे सर्वांत ठळक उदाहरण शोधावयास आपल्याला दूर जावे लागत नाही. मुंबई आणि पुणे यांना जोडणारा बोरघाटातील लोहमार्ग हे एकोणिसाव्या शतकातील स्थापत्याचे एक आश्चर्य होय. पंधरा मैलांच्या टप्प्यात १,८३१ फुटांची चढण, अवघड जागी दर ३७ फुटांस एक फूट असा चढ, २५ बोगदे आणि खोल दऱ्यांवरील पूल, असे हे काम १८५६ साली सुरू झाले. पहिले कंत्राटदार फॅविएल यांच्या कारकिर्दीत मजुरीच्या तक्रारींवरून १८५९ च्या आरंभी मोठी दंगल झाली, आणि त्याच वर्षी त्यांनी काम सोडले. त्यांच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आले. पण हिंदुस्थानच्या भूमीवर पाऊल ठेवल्यानंतर अल्पावधीतच त्यांचा मृत्यू झाला. अशा वेळी त्यांच्या पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी, परतीचे जहाज पकडले असते तर त्यांना कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी तसे केले नाही. पतीचे कंत्राट त्यांनी स्वतःच्या शिरावर घेतले, अ‍ॅडम्सन व क्लाऊझर या दोन अनुभवी अभियंत्यांच्या हाती प्रत्यक्ष कामाची व्यवस्था सोपविली, आणि २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटमार्ग खुला झाला.

येथे तारतम्य सोडता कामा नये. घाटाची आखणी मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांच्या नेतृत्वाखाली झाली, आणि ते श्रेय त्यांचेच आहे. अ‍ॅलिसबाई अभियंता नव्हत्या. त्यांना तसे म्हणणे म्हणजे एका अन्यायाचे निवारण दुसऱ्या असत्याने करणे होय. पण ज्याच्या नावावर कंत्राट असते, नफ्यातोट्याचा आणि वचनपूर्तीचा भार ज्याच्या माथी असतो, त्याला आपण इतर सर्व ठिकाणी निर्माता म्हणतो. तोच निकष विधवा स्त्रीला लावताना मात्र आपली लेखणी अडखळते, आणि ती ‘कंत्राटदाराची पत्नी’ म्हणून एका वाक्यात आटोपली जाते. प्रश्न कौतुकाचा नसून समान मापाचा आहे.

तथापि अ‍ॅलिस ट्रेडवेल यांचे नाव निदान कागदावर तरी उरले. ज्यांचे तेवढेही उरले नाही, त्यांचे काय? ऐन हंगामात या घाटात ४०,००० हून अधिक माणसे राबत होती. त्यांत कुटुंबेच्या कुटुंबे होती. पुरुषाने सुरुंगाने खडक फोडावा, आणि स्त्रीने व पोरांनी दगडमाती पाटीत भरून डोक्यावरून वाहून न्यावी, अशी ती कामाची रीत होती. मजुरी पुरुषाहून कमी, आणि पटकी व हिवतापाचे भय मात्र सर्वांना सारखेच. त्या साथींत किती आयांनी घाटात आपली मुले पुरली, याचा हिशेब कोणत्याही अहवालात सापडावयाचा नाही. आजही खंडाळ्याचे धुके न्याहाळत आपण ज्या भरावावरून जातो, त्याची माती या स्त्रियांनी पाटीपाटीने वाहिली आहे.

याच घाटाने पुढे दुसरे एक दृश्य पाहिले. सातारा जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातील श्रीमती सुरेखा यादव १९८९ साली मध्य रेल्वेत सहायक चालक म्हणून दाखल झाल्या. १९९६ मध्ये मालगाडी, २००० मध्ये मुंबईची उपनगरी गाडी, आणि ८ मार्च २०११ रोजी पुण्याहून बोरघाट उतरून मुंबईस येणारी डेक्कन क्वीन त्यांनी चालविली. १३ मार्च २०२३ रोजी सोलापूरहून मुंबईपर्यंत वंदे भारत त्यांनीच आणली. आशिया खंडातील पहिली स्त्री इंजिनचालक हा लौकिक मिळवून ३६ वर्षांच्या सेवेनंतर ३० सप्टेंबर २०२५ रोजी त्या निवृत्त झाल्या. २०१७ साली माटुंगा स्थानकाचा संपूर्ण कारभार स्त्री कर्मचाऱ्यांच्या हाती आला. १९०५ साली स्थापन झालेल्या रेल्वे बोर्डाचे अध्यक्षपद एका स्त्रीकडे, श्रीमती जया वर्मा सिन्हा यांच्याकडे, येण्यास मात्र २०२३ साल उजाडावे लागले.

या घटना आनंदाच्या आहेत. परंतु ‘पहिली महिला’ या बिरुदावर संतुष्ट राहण्याची जी सवय आपल्याला जडली आहे, ती घातक आहे. पहिलीच्या गळ्यात हार पडतो, छायाचित्र छापून येते, आणि दुसरी, दहावी, शंभरावी कोणत्या अवस्थेत काम करते हे विचारण्याचे कोणाला सुचत नाही. रेल्वेच्या दर शंभर कर्मचाऱ्यांत आजही दहासुद्धा स्त्रिया नाहीत. अनेक इंजिनांत अद्याप स्वच्छतागृह नाही. तासन् तास इंजिन चालविणाऱ्या स्त्रीला पाणी पिताना विचार करावा लागतो. भर उन्हात रुळांची देखभाल करणाऱ्या स्त्रीची कथा याहून वेगळी नाही. एका दिवसाचा सत्कार आणि वर्षभराची गैरसोय या दोहोंचा मेळ बसत नाही.

कोणी म्हणतील, शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची नावे आता आणावयाची कोठून? आक्षेप रास्त आहे. पण नाव मिळत नाही म्हणून ऋण फिटत नाही. रणांगणावर पडलेल्या अज्ञात सैनिकापुढे आपण मस्तक नमवितोच ना? आमची सूचना साधी आहे. कर्जत व खंडाळा या स्थानकांवर सर्वांना वाचता येईल असा मराठी फलक असावा. त्यावर बर्कले यांच्या शेजारी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांचे नाव असावे, आणि त्याखाली घाट बांधताना राबलेल्या व मेलेल्या स्त्री-पुरुष मजुरांचा स्पष्ट उल्लेख असावा. रेल्वेच्या दप्तरखान्यातील जुनी कागदपत्रे अभ्यासकांसाठी खुली व्हावीत. आज निवृत्त होत असलेल्या चालक, गार्ड, तिकीट तपासनीस व रूळकामगार स्त्रियांच्या आठवणी त्यांच्या तोंडून आताच टिपून घ्याव्यात; नाहीतर पुढची पिढीही आपल्यासारखीच हळहळत बसेल. आणि प्रत्येक इंजिनात, प्रत्येक विश्रामकक्षात स्त्रीच्या साध्या गरजांची सोय व्हावी. हा शेवटचा सन्मान सर्वांत कमी दिखाऊ आहे, म्हणूनच तो सर्वांत खरा आहे.

इतिहासात स्त्रीला जागा द्या, ही याचना नव्हे. ती जागा तिने डोक्यावरच्या पाटीने आणि हातातल्या इंजिनाने केव्हाच मिळविली आहे. उरले आहे ते एवढेच, की आपण ती मान्य करावी. प्रगतीच्या मूर्तीला घुमटावर चढविणे सोपे असते. प्रगती घडविणाऱ्या जित्याजागत्या स्त्रीचे नाव खाली दारावर लिहिण्यास मात्र न्यायबुद्धी लागते. ती रेल्वेने आणि या नगरीने दाखवावी.