राखीव क्वार्टरबॅक आणि रिसीव्हरचे पाऊल

अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रमुख क्वार्टरबॅक जायबंदी होऊन सामन्याची जोखीम राखीव खेळाडूवर येऊन पडली, म्हणजे रिसीव्हरांचा खेळ काही काळ खालावणारच, असे गृहीत धरण्याचा प्रघात आपल्या प्रशिक्षकवर्गात इतका रूढ झाला आहे की, त्या घसरणीचे मूळ शोधण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. आमच्या मते ते मूळ नवागताच्या हातातील उणिवेपेक्षा परस्परांच्या अपरिचयात अधिक आहे.

बारा यार्ड सरळ धावून कडेच्या रेषेकडे वळणारा रिसीव्हर डोळ्यांसमोर आणावा. वळण्यासाठी त्याने पाऊल रोवण्यापूर्वीच चेंडू क्वार्टरबॅकच्या हातून सुटलेला असतो, आणि मान वळते न वळते तोच तो छातीशी येऊन ठेपावा लागतो. ही वेळ अंगी मुरते ती शेकडो आवर्तनांनी. पण आठवड्याच्या सरावातील बहुतेक आवर्तने प्रमुखाच्याच वाट्याला जातात, आणि राखीव गडी प्रतिस्पर्ध्याच्या चाली वठवून आपल्याच बचावफळीला तालीम देण्यात खर्ची पडतो. मग चेंडू किंचित उशिरा सुटतो, तेवढ्या अवधीत बचावपटू येऊन भिडतो, आणि हुकलेला झेल रिसीव्हरच्या खाती जमा होतो. नवागत डावखुरा असल्यास चेंडूची फिरकीही उलटी, हे वेगळेच.

सिनसिनाटी बेंगल्सचा दाखला या दृष्टीने मननीय आहे. 16 नोव्हेंबर 2023 रोजी त्यांचा प्रमुख क्वार्टरबॅक जो बरो मनगटाच्या दुखापतीने बाद झाला. राखीव जेक ब्राउनिंगने आरंभापासून खेळलेल्या पहिल्याच सामन्यात पिट्सबर्गने संघास 16–10 असे नमविले. परंतु 4 डिसेंबरला जॅक्सनव्हिल येथे त्याच ब्राउनिंगने 37 पैकी 32 फेकी साधून 354 यार्ड मिळविले, रिसीव्हर जमार चेसने 11 झेलांत 149 यार्ड घेतले, त्यांत 76 यार्डांचे एक टचडाउन, आणि सामना जादा वेळेत 34–31 असा जिंकला गेला. ब्राउनिंग आणि चेस दोघेही 2021 पासून त्याच संघाच्या मैदानावर वावरत होते, ही गोष्ट आम्हांस गौण वाटत नाही.

म्हणून राखीव क्वार्टरबॅकला मुख्य रिसीव्हरांबरोबर आठवड्यातून काही मुक्रर आवर्तने देण्याची तजवीज, दुखापतीची वाट न पाहता, हंगामाच्या आरंभीच व्हावी. आणि बदलीच्या पहिल्या सामन्यानंतर रिसीव्हरचा हिशेब मांडताना झेलांची संख्या तूर्त बाजूला ठेवून, त्याचे पाऊल रोवणे आणि चेंडू पोहोचणे यांतील अंतर चित्रफितीवर मोजावे.