गच्ची आहे, हक्काचे काय?

२०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले तेव्हा उद्दिष्ट होते २० हजार मेगावॅट. २०१५ मध्ये ते एक लाखावर नेले, मुदत २०२२. जानेवारी २०२५ मध्ये देशाने तो आकडा गाठला. उशिरा, पण गाठला. आपल्या प्रदेशातील रीवाच्या ७५० मेगावॅटच्या प्रकल्पातून दिल्ली मेट्रोलाही वीज जाते, याचे आम्हांला कौतुकच आहे.

मात्र त्या लाखातील ४० हजार मेगावॅट घरादारांच्या छतांवरून यायचे होते आणि नेमकी तीच बाजू मागे पडली. फेब्रुवारी २०२४ मधील सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांचे अनुदान आहे. अट एवढीच की घर-छत स्वतःचे हवे आणि वीजजोडणी हवी. इथेच आपल्या इंदूरच्या जुन्या वाड्यांचे घोडे अडते! मिळकत पणजोबांच्या नावे, मीटर काकांच्या, वारस चार शहरांत; आणि गच्चीचा विषय दिवाळीच्या फराळाला काढायचा नाही, हा अलिखित करार. वाडा विकून फ्लॅटमध्ये गेलेल्यांची गच्ची सामायिक. सोसायटीला अनुदान आहे, पण ते जिन्यातले दिवे, पंप अशा सामायिक वापरापुरते.

एका गच्चीवरची वीज अनेकांच्या बिलांत वळती करण्याची तरतूद दिल्लीत २०१९ पासून नियमांत आहे. तिचा लाभ येथील वाडेकरी आणि फ्लॅटधारकांच्या पदरात कधी पडणार, हे महापालिका निवडणुकीत मते मागायला येणाऱ्यांना मंडळींनी जरूर विचारावे. आणि तोवर भावाभावांनी बसून नामांतरणाचे कागद तरी उरकून घ्यावेत.