रिम पाहून टायर पसरावे

आपल्या कॉलेजात गाड्यांवर मत नसलेला मुलगा शोधून दाखवा! प्रत्येकाचं मत वेगळं, पण एका बाबतीत सगळ्यांचं एकमत : टायर जितका रुंद, तितकी गाडी भारी. होस्टेलच्या भिंतीवरच्या पोस्टरपासून ते कॉम्प्युटर गेममधल्या गॅरेजपर्यंत सगळीकडे हाच मंत्र. मी मेकॅनिकलचा, तिसऱ्या वर्षाचा, आणि या मंत्राच्या पूर्ण विरोधात आहे. स्पोर्ट्स कारची कंपनीने दिलेली मूळ चाकं ठेवायची असतील तर टायरही मूळ साइजचाच घ्यावा आणि जास्तीचे पैसे रुंदीत न घालता चांगल्या रबरात घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. कॅल्क्युलेटर जवळ ठेवा, कारण हा वाद नुसत्या आवाजावर जिंकायचा नाही.

उदाहरण घेऊ माझदा एमएक्स-५ चं, म्हणजेच अमेरिकेत ‘मियाटा’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या गाडीचं. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या ऑटो शोमध्ये ही दोन सीटची उघडी गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली. १६०० सीसीचं इंजिन, मागच्या चाकांना ताकद, वजन जेमतेम ९५० किलोच्या आसपास. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत तशी गाडी आणि चालक एकजीव व्हावेत, ही त्यामागची जपानी कल्पना. २०१६ मध्ये दहा लाखावी एमएक्स-५ तयार झाली. म्हणजे कल्पना लोकांना पटली, असं म्हणायला हरकत नाही.

आता या पहिल्या मियाटाची चाकं बघा. १४ इंच व्यास, रिमची रुंदी साडेपाच इंच आणि टायर १८५/६० आर १४. आपल्याकडच्या पोरांना हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो, “एवढाच?” हो, एवढाच. १८५ म्हणजे टायरची मिलिमीटरमधली रुंदी. ६० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, अर्थात १११ मिमी. ‘आर’ म्हणजे रेडियल, आणि १४ म्हणजे रिमचा इंचातला व्यास, ३५५.६ मिमी. दोन भिंती आणि एक रिम यांची बेरीज केली की पूर्ण चाकाचा व्यास येतो ५७७.६ मिमी. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

समजा एखाद्या मालकाने म्हटलं, “एकच पायरी वर जातो, १९५/६० घेतो.” नवा व्यास ५८९.६ मिमी, म्हणजे जवळजवळ २ टक्के मोठा. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी १०२ ने पळत असेल. हे चालून जाईल हो. पण चाक मोठं झालं म्हणजे सगळ्या गिअरचं गुणोत्तर २ टक्क्यांनी लांबलं. रस्त्यावर मिळणारा जोर तेवढाच कमी झाला, शिवाय फिरणारं वजन वाढलं आणि तेही बाहेरच्या कडेला, जिथे ते सगळ्यात जास्त नडतं. जिचा जीवच मुळी हलकेपणात आहे, तिच्या पायात आपण गमबूट घालतोय!

बरं, मग २०५/५५ आर १४ घ्या. व्यास ५८१.१ मिमी, फरक अवघा ०.६ टक्का. कागदावर एकदम फिट! पण इथे खरी गोम रिममध्ये आहे. प्रत्येक टायरला किती रुंदीची रिम चालते, याचे ठरलेले आकडे असतात. १८५/६० साठी ५ ते साडेसहा इंच, आणि टायरची रुंदी मोजतात तीच साडेपाच इंची रिमवर. २०५/५५ साठी साडेपाच ते साडेसात, आणि मोजणी साडेसहा इंची रिमवर. म्हणजे मियाटाची रिम पहिल्या टायरला अगदी मापात बसते, तर दुसऱ्याला कशीबशी, शेवटच्या टोकावर. रिम अर्धा इंच अरुंद झाली की टायर साधारण ५ मिमी आकसतो, असा ढोबळ हिशोब आहे. इथे रिम एक इंचाने अरुंद. म्हणजे तुम्ही २० मिमी जादा रुंदीचे पैसे मोजले आणि त्यातला मोठा वाटा रिमने परत घेतला. वर टायरच्या भिंतींना पोट सुटलं. स्टीअरिंग फिरवलं की आधी भिंती कलणार, मग गाडी वळणार. ज्या गुणासाठी लोक ही गाडी घेतात, तोच गेला. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. टायरच्या बाबतीत अंथरूण म्हणजे रिम.

“पण ग्रिप तर वाढेल ना?” हा हमखास येणारा प्रश्न. आपल्या फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समध्ये घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसतं असं शिकवलं, त्यामुळे काही जण लगेच “काहीच फरक नाही” म्हणतात. तेही खरं नाही. रबर हे पुस्तकातल्या लाकडी ठोकळ्यासारखं वागत नाही. मात्र टायर रस्त्याला किती टेकतो, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं : चाकावरचा भार आणि आतली हवा. मियाटाच्या एका चाकावर साधारण २४० किलो भार येतो आणि कंपनीने सांगितलेली हवा आहे २६ पीएसआय, म्हणजे सुमारे १.८ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. भागाकार करा : १३३ चौरस सेंटिमीटर. आपल्या हाताच्या पंजाएवढी जागा! टायर रुंद केला आणि हवा तीच ठेवली, तर हा पंजा फारसा मोठा होत नाही. तो आडवा पसरतो आणि लांबीला कमी होतो. वळणावर या आडव्या आकाराचा फायदा जरूर होतो, मी नाकारत नाही. पण त्यासाठी टायरची भिंत ताठ उभी हवी, आणि त्यासाठी रिम रुंद हवी. पुन्हा गाडी रिमवरच आली. पावसात तर रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, तो हिशोब वेगळाच.

रेसवाले काय करतात बघा. अमेरिकेत ‘स्पेक मियाटा’ नावाचा रेसिंगचा वर्ग आहे. त्यात गाड्या २०५/५० आर १५ टायरवर पळतात, पण ७ इंच रुंद चाकांवर. त्यांनी टायर वाढवला तेव्हा चाकही वाढवलं. खुद्द माझदानेही पुढच्या पिढीत १९५/५० आर १५ दिला, तो ६ इंची रिमवर. त्याचा व्यास काढा : ५७६ मिमी. मूळ व्यासात दोन मिलिमीटरचाही धड फरक नाही! याला म्हणतात इंजिनिअरिंग.

आणखी दोन उदाहरणं देतो. टोयोटाच्या एमआर-२ या इंजिन मध्यभागी असलेल्या गाडीच्या दुसऱ्या पिढीला सुरुवातीला पुढे १९५/६० आर १४ आणि मागे २०५/६० आर १४ टायर होते. वळणात अचानक मागचा भाग फेकला जातो अशी तिची ख्याती झाली. नंतरच्या सुधारणांमध्ये सस्पेन्शनबरोबर टायरही बदलले : पुढे १९५/५५ आर १५, मागे २२५/५० आर १५. पुढचे होते तेवढेच रुंद ठेवले आणि मागचे २० मिमीने वाढवले. पुढच्या-मागच्या टायरमधला फरक हासुद्धा डिझाइनचा भाग असतो, हे यातून कळतं. अशा गाडीला हौसेने चारही टायर सारखे लावणारा माणूस तो तोल मोडतो, आणि त्याची किंमत ओल्या वळणावर कळते.

दुसरं उदाहरण २०१२ च्या टोयोटा ८६ चं. २०० हॉर्सपॉवरची स्पोर्ट्स कार आणि टायर २१५/४५ आर १७, तेही प्रियससारख्या इंधन वाचवणाऱ्या गाडीला बसणारे साधे टायर. काटकसर म्हणून नव्हे, मुद्दाम! ग्रिप थोडी कमी ठेवली तर गाडी आटोक्यातल्या वेगातच हलायला-बोलायला लागते आणि चालवणाऱ्याला मजा येते, हा विचार. स्टॉपवॉच लावून ट्रॅकवर जायचं असेल तर हा विचार चुकीचा ठरेल, हे मान्य. पण रस्त्यावर स्टॉपवॉच कोण लावतो? आणि लावत असेल, तर त्याने लायसन्स परत करावं.

मूळ साइजवाल्यांची एक अडचण मात्र खरी आहे. कंपन्या मोठ्या चाकांच्या मागे लागल्यामुळे १४ इंची चाकांसाठी चांगले स्पोर्ट्स टायर आता मोजकेच उरलेत. मग काय करायचं? माझा क्रम असा. पहिल्यांदा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचा. मूळ साइज मिळत असेल तर विषय संपला, त्यातला सर्वांत चांगला टायर घ्या. नसेल तर आधी रिमची रुंदी जुळवा, मग व्यास २ टक्क्यांच्या आत ठेवा. भाराचा आकडा मूळपेक्षा कमी नको : मियाटाचा ८२, म्हणजे एका टायरला ४७५ किलो. वेगाचं अक्षरही खाली नको : तिथे ‘एच’, म्हणजे ताशी २१० किमी. बसवल्यावर स्टीअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून टायर कुठे घासत नाही ना, ते बघा. आणि भिंतीवरचा चार आकडी शिक्का विसरू नका. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. ‘२३१९’ दिसलं तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. कितीही स्वस्त मिळाला तरी दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडा.

आपल्यापैकी कितीजण मियाटा घेणार आहेत, असं तुम्ही विचाराल. बहुतेक कोणीच नाही. तरी हा लेख लिहिला, कारण हाच घोळ आपल्याकडे मोटारसायकलपासून घरच्या छोट्या कारपर्यंत सगळीकडे चालू आहे. ‘भारी दिसतंय’ एवढ्या एका कारणावर रिम न बदलता रुंद टायर चढवले जातात. इतरांचं सोडा, पण चार वर्षं इंजिनिअरिंग शिकणाऱ्याने तरी एक गुणाकार आणि एक बेरीज करून मग पैसे द्यावेत. त्या पंजाएवढ्या जागेवर गाडी थांबते किंवा थांबत नाही, आणि गाडीत आपल्याबरोबर आणखी कोणीतरी बसलेलं असतं.

या सुट्टीत घरी गेलात की घरच्या गाडीच्या दाराची चौकट आणि टायरची भिंत दोन्ही वाचा, आकडे जुळतात का बघा. माझं मत पटलं नसेल तर मेकॅनिकलच्या कट्ट्यावर या, चहा माझ्याकडून. फक्त येताना कॅल्क्युलेटर घेऊन या.