झाडें लावणारे आणि झाडें राखणारे

आषाढाच्या सरी सुरू झाल्या कीं आपल्याकडे गांवोगांवीं वृक्षारोपणाचे समारंभ होतात. खड्डा आधींच खणलेला असतो. रोप कोणी तरी हातीं देतो. पाहुणे त्यावर मूठभर माती लोटतात, झारीनें पाणी घालतात, छायाचित्र निघतें आणि टाळ्या पडतात. हा प्रघात वाईट आहे असें म्हणण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतु मुळींच नाहीं. १९५० च्या जुलै महिन्यांत तत्कालीन केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुनशी यांनीं वनमहोत्सवाची प्रथा सुरू केली, आणि पाऊणशें वर्षें लोटलीं तरी ती टिकून आहे, ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु समारंभाच्या दुसऱ्या दिवशीं त्या रोपाकडे कोण पाहतो? पांच वर्षांनीं त्याची फांदी कोण छाटतो, आणि कशी? पन्नास वर्षांनीं त्याच्या पोटांत पोकळी झाली तर ती कोणाच्या लक्षांत येते? या प्रश्नांना आपल्याजवळ धड उत्तर नाहीं. आपल्या समाजांत झाड लावणाऱ्यास मान आहे, झाड राखणाऱ्यास नाहीं. हा न्याय उलटा आहे आणि तो पालटला पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

झाड राखणें हें ममतेचें काम खरेंच. परंतु तें केवळ ममतेचें नव्हे. ती एक विद्या आहे, आणि इतर विद्यांप्रमाणें तिलाही गुरु, अभ्यास व अनुभव लागतो. ही विद्या जाणणाऱ्यास इंग्रजींत ‘आर्बोरिस्ट’ म्हणतात. आपण त्याला वृक्षवैद्य म्हणूं. मात्र ‘वैद्य’ या शब्दानें एक गैरसमज होण्याचा संभव आहे, तो प्रथम दूर केला पाहिजे. आपल्या हातास जखम झाली तर ती भरून येते. बिघडलेल्या पेशींच्या जागीं नव्या पेशी उत्पन्न होतात. वृक्षाला हें साधत नाहीं. अमेरिकेच्या सरकारी वनखात्यांतील शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो (१९३०–२००६) यांनीं हजारों झाडें यांत्रिक करवतीनें उभीं चिरून आंतील लांकूड तपासलें. १९७७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या निबंधांत त्यांनीं असें प्रतिपादिलें कीं, वृक्ष आपली जखम बरी करीत नाहीं, तो तिला कोंडून टाकतो. जखमेच्या भोंवतीं तो आंतल्या आंत जणूं भिंती उभारतो, कूज त्या भिंतींच्या आड अडवून धरतो आणि बाहेरून नव्या लांकडाचे थर चढवीत राहतो. म्हणजे लहानपणीं झालेला घाव शंभर वर्षांच्या वृक्षाच्या पोटांतही तसाच असतो. मनुष्य जुनीं दुःखें विसरूं शकतो. वृक्षाला ती सोय नाहीं.

हें एक तत्त्व ध्यानांत घेतलें म्हणजे आपल्या कितीएक चालीरीतींचा फोलपणा उघड होतो. फांदी जेथें खोडास मिळते तेथें एक फुगीर वळी असते. जखम कोंडण्याचें सामर्थ्य विशेषेंकरून याच भागांत असतें. फांदी खोडाशीं अगदीं सपाट कापली तर ही वळीच नष्ट होते. उलट हातभर खुंट ठेवला तर तो कुजतो आणि कूज आंत शिरण्यास वाट मिळते. म्हणून जाणता माणूस जड फांदी तीन घावांत उतरवितो. पहिला घाव खोडापासून कांहीं अंतरावर, खालच्या बाजूनें व अर्धवट. दुसरा त्याच्या किंचित् पुढें, वरून, म्हणजे फांदी खालीं येतांना खोडाची साल सोलून नेत नाहीं. आणि तिसरा, उरलेला खुंट काढण्यासाठीं, वळीच्या अगदीं लगत परंतु वळीस धक्का न लावतां. मग त्यावर डांबर किंवा रंग फांसावयाचा काय? नाहीं. डांबरानें कूज थांबत नाहीं; आंत ओल मात्र कोंडून राहते. खोडाला गेरू-चुन्याचे पट्टे ओढले म्हणजे झाडाची काळजी घेतली, अशी आपली जी समजूत आहे ती तपासून पाहण्याजोगी आहे.

खिळ्याची गोष्टही अशीच. विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारावासा वाटतो. झाडाला पुरुषभर उंचीवर खिळा ठोकला आणि पुढें दहा वर्षांनीं झाड दुप्पट उंच झालें, तर खिळा किती उंचीवर असेल? पुष्कळ मुलें ‘दुप्पट’ असें उत्तर देतील. वास्तविक तो जेथल्या तेथेंच असतो. कारण झाड उंच होतें तें शेंड्यांकडून, आणि खोड वाढतें तें केवळ घेरानें. खिळा हळूहळू सालीच्या पोटांत गडप होतो इतकेंच. शिकवणीवर्गाची पाटी उद्यां निघून जाईल, पण तिचा खिळा झाडाच्या शरीरांत जन्मभर राहील.

मुळांच्या बाबतींत तर आपलें अज्ञान फारच महाग पडतें. झाडाचीं मुळें पाताळापर्यंत जातात अशी आपली कल्पना. परंतु अन्नपाणी घेणारीं बहुतेक मुळें जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांतच पसरलेलीं असतात, आणि पर्णसंभाराच्या घेराबाहेरही दूरवर जातात. त्यांना पाण्याइतकीच हवेची गरज असते. आपण मात्र रस्ता सुंदर दिसावा म्हणून खोडाच्या कडेपर्यंत सिमेंट ओततों. २०१३ च्या एप्रिल महिन्यांत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें दिल्लीच्या झाडांसंबंधीं असा आदेश दिला कीं, खोडाभोंवतालचें एक मीटरपर्यंतचें काँक्रीट काढून टाकावें, आणि झाडांवरील पाट्या, जाहिराती व विजेच्या तारा हलवाव्या. झाडाला श्वास घेऊं द्या, हें सांगण्यासाठीं न्यायासनास बसावें लागलें, यांत आपणां सर्वांचेंच न्यून दिसून येतें.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. पावसाळ्यांत झाडें उन्मळतात, माणसें दगावतात. १७ मे २०२१ रोजीं ‘तौक्ते’ चक्रीवादळाच्या तडाख्यांत मुंबईंत शेंकडों झाडें पडलीं. तेव्हां झाडांची कींव करावी कीं माणसांची? आमचें उत्तर असें कीं, माणसांची कींव असेल तरच झाडाकडे नीट पाहावें लागतें. एका बाजूच्या सर्व फांद्या तोडून दुसऱ्या बाजूस भार ठेवला, नळ व तारा घालण्यासाठीं चर खणतांना आधाराचीं मुळें तोडलीं, तर तें झाड वाऱ्यापुढें कसें टिकावें? शेंडाच उडवून झाड ठेंगणें केलें तर धोका टळतो, ही समजूतही फसवी आहे. घावाखालून जे धुमारे फुटतात त्यांची पकड वरवरची असते. ते जाडजूड झाले म्हणजे तेच मोडून पडतात. आणि येथें हेंही सांगितलें पाहिजे कीं, खरा वृक्षवैद्य हा अंध वृक्षपूजक नव्हे. जें झाड मुळांत कुजून वर्दळीच्या रस्त्यावर कललें आहे तें तोडा असें तोच प्रथम सांगतो, आणि जें वांचण्याजोगें आहे त्यासाठीं तोच भांडतो. हा विवेक ज्ञानानेंच येतो, भीतीनें नव्हे किंवा भावनेनेंही नव्हे.

या लोकांची दिनचर्या कशी असते तें पाहण्यासारखें आहे. त्यांचें काम झाडावर चढण्यापासून सुरू होत नाहीं. झाडाकडे पाहण्यापासून सुरू होतें. बुडाशीं अळंबीं उगवलीं आहेत काय, खोडास चीर आहे काय, वर विजेची तार, पांखराचें घरटें किंवा आग्या माशांचें पोळें आहे काय, हें तो भोंवतीं फिरून पाहतो. लांकडी हातोड्यानें खोड ठोकून नाद ऐकतो. पोकळ खोडाचा नाद निराळा येतो. मग बारीक दोरीस वजन बांधून ती मजबूत बेचक्यावरून फेंकतो, तिच्या आधारें जाड दोर ओढून घेतो आणि कमरपट्टा अडकवून वर जातो. जिवंत झाडावर तो बुटांना लोखंडी कांटे लावून चढत नाहीं, कारण प्रत्येक कांटा म्हणजे एक जखम. करवत चालविण्यापूर्वीं तो स्वतःस दोन ठिकाणीं बांधून घेतो. खालचा सोबती येणाऱ्याजाणाऱ्यांस थोपवितो, हत्यारें वर पाठवितो आणि कापलेली फांदी दोरानें अलगद उतरवून घेतो. वरून हांक आणि खालून प्रतिसाद, हें झाल्याखेरीज घाव पडत नाहीं. दिवस संपला म्हणजे दोराची वीत न् वीत तपासावी लागते. कारण उद्यां त्याच दोरावर जीव टांगावयाचा असतो. यांच्या जोडीला हौशी मंडळीही असतात. पुणें-मुंबईसारख्या शहरांत गेल्या कांहीं वर्षांत सुटीच्या दिवशीं पक्कड व छिन्नी घेऊन झाडांचे खिळे उपटणारीं तरुण मुलें पुष्कळांनीं पाहिलीं असतील. त्यांना कोणी हार घालीत नाहीं. पण सावली त्यांच्यामुळें टिकते.

आतां याच्या शेजारीं आपल्या रस्त्यावरील नेहमींचें दृश्य ठेवा. अनवाणी मजूर, कमरेला कोयता, डोक्यावर शिरस्त्राण नाहीं, अंगाला दोर नाहीं, आणि खालीं ‘लवकर आटप’ म्हणून ओरडणारा मुकादम. कोंकणांतल्या पाडेल्याच्या अंगीं जें चढण्याचें कसब आहे तें अनेकदां याच्याही अंगीं असतें. परंतु कोठें कापावें हें त्याला कोणीं शिकविलेलें नसतें, आणि तो पडला तर त्याच्या घरचें काय, याचा विचार कोणीं केलेला नसतो. वांकडा घाव दिसला म्हणजे आपण त्याला दोष देतों. दोष त्याचा नव्हे. कौशल्याची किंमत न करणाऱ्या आपला आहे.

ही विद्या आपणांस परकी आहे असेंही नाहीं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदावर स्वतंत्र अध्याय आहे; सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेद’ या ग्रंथाचें हस्तलिखित ऑक्सफर्ड येथील बोडलियन ग्रंथालयांत असून १९९६ मध्यें तो इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध झाला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत, रयतेनें झाडें लेंकरांसारखीं वाढविलेलीं असतात, तीं जुलमानें तोडूं नयेत, अशी ताकीद आहे. तथापि जुनें तेवढें सर्व खरें, असें मात्र मानूं नये. पाश्चात्य देशांतही विसाव्या शतकाच्या आरंभीं झाडांच्या पोकळ्या सिमेंटानें भरीत असत. पुढें ती रीत सोडून द्यावी लागली. विद्या चुका सुधारीत पुढें जाते, म्हणूनच ती विद्या.

आणि तिचें फळ केवढें असूं शकतें तें पाहा. कलकत्त्याजवळ हावडा येथील वनस्पति-उद्यानांतला वटवृक्ष १८६४ व १८६७ च्या वादळांत सांपडला. त्याच्या मूळ खोडास बुरशी लागली आणि १९२५ मध्यें तें खोडच काढून टाकावें लागलें. तरीही आज तीन हजारांहून अधिक पारंब्यांवर तो उभा आहे. तेलंगणांतील महबूबनगरजवळचा पिल्ललमर्री वड वाळवीनें पोखरला, तेव्हां २०१८ मध्यें रुग्णास लावावी तशी सलाइनची नळी लावून त्याच्या खोडांत थेंब थेंब औषध सोडण्यांत आलें. खांब देऊन त्याच्या फांद्या सांवरण्यांत आल्या.

पालकवर्गास आमची एक विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी ‘मला झाडांचें काम करावयाचें आहे’ असें म्हणाली तर हंसूं नका. लहानपणीं शाळेचें शिक्षण न लाभलेल्या जॉन डेव्ही नांवाच्या इंग्रज माळ्यानें अमेरिकेंत जाऊन १९०१ मध्यें वृक्षचिकित्सेवर ग्रंथ लिहिला आणि एका नव्या व्यवसायाचा पाया घातला. या व्यवसायाची आंतरराष्ट्रीय संस्था १९२४ पासून चालत आलेली आहे. १९९२ पासून ती रीतसर परीक्षा घेते, आणि त्या परीक्षेस बसण्यास सामान्यतः तीन वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. महाराष्ट्रांत शहरांतील झाडांसाठीं १९७५ चा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनें पन्नास वर्षें व त्यांवरील वयाच्या झाडांस वारसा-वृक्ष म्हणून विशेष स्थान मिळालें. पण कायदा कागदावर राहतो. त्याला हात लागतात ते शिकलेल्या माणसांचे.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्याकडून अपेक्षा थोडीच आहे. करवत घेऊन झाडावर चढूं नका. तें शिकलेल्याचें काम आहे. परंतु प्रत्येक वर्गानें शाळेच्या आवारांतील एक मोठें झाड आपलें मानावें आणि त्याची एक वही ठेवावी. दरवर्षीं ठराविक दिवशीं, छातीइतक्या उंचीवर, खोडाचा घेर मोजून लिहावा. मोहोर केव्हां आला, पानगळ केव्हां झाली, चीर किंवा अळंबें दिसलें काय, याची नोंद करावी. बुडाशीं पाचोळा पसरावा, पण तो खोडास चिकटूं देऊं नये. रोपाला बांधलेली सुतळी सालींत रुतण्यापूर्वींच सैल करावी. वर्ग पुढें गेला म्हणजे वही मागच्या वर्गाच्या हवालीं करावी. वीस वर्षांनीं त्या वहींत जें ज्ञान सांठेल तें कोणत्याही समारंभाच्या छायाचित्रांत सांठणार नाहीं. रोप लावावयास एक सकाळ पुरते. झाड राखावयास माणसांच्या पिढ्या लागतात, आणि त्यांपैकीं एक पिढी तुमची आहे.