घर कीं दुकानाची मांडणी ?

घराची अंतर्गत सजावट जुन्या वळणाची असावी कीं नव्या, हा वाद अलीकडे अमरावती-अकोल्याच्या सुशिक्षित कुटुंबांत मोठ्या हिरिरीनें चालतो. आमच्या मतें हा वादच चुकीच्या पायावर उभा आहे. घर हें डोळ्यांसाठीं असतें असें दोन्ही पक्ष गृहीत धरून चालतात. तें आधीं अंगासाठीं असतें, याचा मात्र दोघांनाहि विसर पडला आहे.

प्रथम नव्यांचा पक्ष घेऊं. वऱ्हाडांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो, हें कोणा वऱ्हाडकरास सांगावयास नको. अशा मुलखांत पश्चिमेची भिंत काचेची करावयाची, दहा फुटांवरचें छत 'फॉल्स सीलिंग' नांवाचें खोटें छत लावून आणखी खालीं आणावयाचें, आणि मग कोंडलेली उष्णता घालविण्यासाठीं वातानुकूलनाचें यंत्र बसवावयाचें, याला आधुनिकता म्हणावें काय ? वीज गेली कीं या दिवाणखान्यांत घटकाभरहि बसवत नाहीं. युरोपांतील नव्या वास्तुकलेचे अग्रणी ल कॉर्ब्युझिए यांनीं स्वतः चंदीगडचें उच्च न्यायालय बांधतांना छतावर दुसरें छत घालून मधून वारा खेळता ठेवला, आणि उन्हाच्या आड काँक्रीटच्या झांपा उभ्या केल्या. खरा आधुनिक ऊन पाहून बांधतो. आमचे आधुनिक चित्र पाहून बांधतात!

आतां परंपरेच्या अभिमान्यांकडे वळूं. परकोटाच्या आंतला किंवा मोर्णेपलीकडील जुन्या वस्तींतला वाडा पाडावयाचा, त्याचे सागवानी खांब मिळेल त्या भावानें विकावयाचे, आणि नव्या सदनिकेंत बाजारांतली समई व चकचकीत साखळ्यांची बंगई आणून परंपरा राखल्याचें समाधान मानावयाचें ! त्या बंगईवर बसण्यास मुलांना मात्र मनाई; कारण मागची भिंत मळते. ही परंपरा नव्हे, परंपरेचें श्राद्ध आहे.

जुन्या घराचें मर्म निराळेंच होतें. धाब्याच्या घराची जाड मातीची भिंत दुपारचें ऊन अंगावर घेई, पण त्याची धग आंत पोंचेपर्यंत संध्याकाळ होई. ओसरीवर जाजम पसरलें कीं चार माणसें येवोत वा चाळीस, यजमानास खुर्च्या मोजाव्या लागत नसत. हें मर्म डोळ्यांना दिसत नाहीं, म्हणूनच तें बाजारांत विकत मिळत नाहीं.

कोणी म्हणतील, हे गतकालाचे गोडवे झाले. तसें मुळींच नाहीं. त्याच घरांत उजेड ओसरीला आणि धूर व अंधार स्वयंपाकघराला, अशी वांटणी होती. ओसरीवर कोणीं चढावें आणि कोणीं अंगणांतच उभें राहावें, हें जातीवरून ठरे. धाब्यावर दरवर्षीं माती घालण्याचे आणि भुई सारवण्याचे कष्ट गडीमाणसांच्या व घरच्या स्त्रियांच्या वांट्यास येत. तेवढें गेलें, हें उत्तमच झालें. आजच्या स्वयंपाकघरांतील उंच ओटा आणि मोठी खिडकी ह्या दोन गोष्टी आम्ही शंभर कोरीव खांबांहून मोलाच्या मानतों. जुनें तेवढें सोनें नव्हे. पण जें टाकावयाचें तें कशासाठीं आणि जें ठेवावयाचें तें कशासाठीं, याचा विवेक तरी हवा.

तेव्हां घर सजविणारांस आमचें सांगणें एवढेंच. कारागिरापुढें चित्रांचें पुस्तक उघडण्यापूर्वीं मे महिन्यांतील एका दुपारीं तीन वाजतां त्या रिकाम्या खोलींत तासभर बसून पाहावें. ऊन कोठून येतें, वारा कोठून जातो, घरांतल्या म्हाताऱ्या माणसानें पाठ कोठें टेकावी, आणि दहा पाहुणे आले तर ते बसतील कोठें ? या चार प्रश्नांचीं उत्तरें जी खोली देईल, ती जुन्या वळणाची असो वा नव्या, सुंदरच दिसेल. जी देणार नाहीं, ती कितीहि नटविली तरी दुकानांतली मांडणीच राहील. आणि दुकानांत कोणी राहावयास जात नाहीं.