सहरीची सोबतीण



२०२०चा रमजान आठवतो? शाळा बंद होताच मुले अब्बांबरोबर रत्नागिरीला गेली. पेपर तपासायचे म्हणून मी अंधेरीतच थांबले. २५ मार्चला टाळेबंदी लागली, ती मंडळी तिकडेच अडकली. मशिदी बंद, तरावीह घरात. मोबाइलवरचा वर्ग संपला की घर खायला उठे.

पहिल्या सहरीला जिन्यातली करडी मांजर दारात येऊन बसली. एरवी तिला हाकलणारी मीच! उकडलेल्या अंड्याचा तुकडा टाकला. मग रोज अलार्मच्या आधी तिचे म्याव. बोलायला कुणीतरी मिळाले.

एकदा तिने वजूच्या पाण्याला तोंड लावले. ओरडणार, तोच हजरत अबू कतादा (रजि.) आठवले. त्यांनी वजूचे भांडे मांजरीसाठी कलते केले होते आणि ती नापाक नाही, असे प्रेषितांच्या (स.) हवाल्याने सांगितले होते. मीही लोटा कलता केला.

टाळेबंदी उठली, घर भरले. एके दिवशी ध्यानात आले, चार दिवस तिला काही घातलेच नाही. मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस मी वर्गात शिकवते. मी कोंडले नव्हते. पण दाराची सवय मीच लावली होती ना? धावत खाली गेले. मीटरच्या पेटीखाली ती पडून होती, वाळलेली.

आता रोज बिनमसाल्याची उकडलेली मासळी आणि पाण्याची वाटी ठेवते. दूध नाही, मोठ्या मांजरांना ते बहुधा पचत नाही. तुमच्याही जिन्यात त्या दिवसांतली कुणी सोबतीण असेल. एकदा डोकावून बघा.