गांजाच्या केसमधलं पोरगं चळवळीचं नाही का?



वस्तीतल्या पोराला आंदोलनाच्या केसमध्ये उचललं तर आपण रात्री दोनला पोलीस ठाण्यावर जमतो. तेच पोरगं गांजाच्या पुडीसह सापडलं की आपल्याच कार्यकर्त्यांचे फोन बंद होतात. 'नशेडी आहे, भोगू दे. बाबासाहेबांचं नाव घालवतो,' असं म्हणून विषय संपवला जातो. वस्त्यांमध्ये काम करताना हे वाक्य आम्ही पुन्हा पुन्हा ऐकतो. आमचं भांडण या वाक्याशी आहे.

आम्ही नशेचं समर्थन करत नाही. पंचशीलातलं पाचवं शील आम्हालाही माहीत आहे आणि २२ प्रतिज्ञाही. पण शील मोडणं वेगळं आणि गुन्हा सिद्ध होणं वेगळं. पहिल्याबद्दल विहारात बोलू. दुसऱ्याचा निकाल न्यायालयात, पुराव्यावर लागला पाहिजे. अटक झालेल्या प्रत्येकाला पसंतीचा वकील देण्याचा आणि २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं राहण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २२ मध्ये आहे. सप्टेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत ही तरतूद खुद्द बाबासाहेबांनी मांडली. त्यात 'निर्व्यसनी माणसालाच' अशी अट नाही. मग ती अट घालणारे आपण कोण?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात अनुसूचित जाती १६.६ टक्के आहेत. तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांत मात्र त्यांचा वाटा सरकारी आकडेवारीतच वीस टक्क्यांच्या आसपास दिसतो. म्हणजे हा प्रश्न एका बिघडलेल्या पोराचा नाही. जामीन, वकील आणि माहिती कोणापर्यंत पोचते, याचा आहे.

१९८५ च्या एनडीपीएस कायद्यात पहिला प्रश्न वजनाचा असतो. गांजा १ किलोच्या आत असेल तर ते अल्प प्रमाण: एक वर्षापर्यंत कैद, किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २० किलोच्या वर गेला की व्यापारी प्रमाण: किमान १० वर्षं, कमाल २० वर्षं. मधल्या वजनाला १० वर्षांपर्यंत. एमडीच्या बाबतीत हेच आकडे २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम आहेत, म्हणजे खिशात मावणारी पिशवीही व्यापारी ठरू शकते. त्यातही २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर भेसळीसकट एकूण वजन धरलं जातं. व्यापारी प्रमाणात कलम ३७ लागतं आणि 'आरोपी दोषी नसावा' असं न्यायालयाला सकृद्दर्शनी पटल्याशिवाय जामीन होत नाही. म्हणून घरच्यांनी 'कोणी पकडलं' याच्याआधी 'पंचनाम्यात वजन किती लिहिलंय' हे विचारावं.

दुसरा प्रश्न झडतीचा. अंगझडती घेताना राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती मागण्याचा हक्क आहे हे आरोपीला सांगावंच लागतं. ते कलम ५०. माल पिशवीत सापडला असेल तर मात्र या कलमाचा आधार मिळत नाही. नमुने मॅजिस्ट्रेटसमोर काढले का, हे कलम ५२अ खाली तपासावं लागतं. फुलोरा नसलेली नुसती पानं किंवा बिया कायद्याच्या व्याख्येत गांजा नाहीत, तरी वजनात सगळं घातलं जाऊ शकतं. तपास अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. तरीही कोऱ्या कागदावर सही करायची नाही, हे पोरांना आजच सांगून ठेवा.

हे सगळं बारकाईने वाचणारा वकील लागतो. आपण काय करतो? नगरसेवकाकडे धावतो, कोर्टाबाहेरच्या दलालाला पैसे देतो, नाहीतर 'आपला माणूस' म्हणून जमिनीच्या केस चालवणाऱ्याला वकीलपत्र देतो. निळा झेंडा खांद्यावर असणं ही वकिलाची पात्रता नव्हे. त्याला विचारा: एनडीपीएसचा खटला साक्षीपुराव्यापर्यंत चालवला आहे का? रिमांडला स्वतः उभे राहणार की ज्युनिअरला पाठवणार? फी एकूण किती, की तारखेवर? एफआयआर आणि पंचनाम्याच्या प्रती आम्हाला देणार का? आणि जो 'जामिनाची गॅरंटी' देतो, त्याच्यासमोरून उठा.

पैसे नसतील तर? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला आणि कोठडीतल्या कोणालाही मोफत वकील मिळतो. या गटांना उत्पन्नाची अट नाही. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातींचा दर्जा आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचं कार्यालय असतं आणि हेल्पलाइन आहे १५१००. ही भीक नाही, हक्क आहे. 'फुकटचा वकील काय लढणार' ही शंका आम्ही समजू शकतो. काही जण खरंच टाळाटाळ करतात. पण तसं झालं तर लेखी अर्ज करून वकील बदलून मागता येतो. अर्ज न करता नुसती शंका घेत बसलो तर पोरगं आतच राहतं.

तारखाही मोजा. व्यापारी प्रमाणात दोषारोपपत्राची मुदत १८० दिवसांची असते आणि न्यायालय ती वाढवू शकतं. कमी वजनाच्या केसमध्ये साधारणपणे ६० दिवस. मुदत उलटली आणि दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हा हक्क ठरतो, पण दोषारोपपत्र येण्याआधी अर्ज केला तरच. आणि जे पोरगं खरोखर व्यसनात आहे, त्याने स्वतःहून उपचार पत्करले तर अल्प प्रमाणाच्या केसमध्ये कलम ६४अ खटल्यापासून संरक्षण देतं. म्हणजे या कायद्यातही व्यसनी माणसाला उपचाराची वाट ठेवलेली आहे. आपण मात्र त्याला वाळीत टाकतो.

बाबासाहेब बॅरिस्टर होते. अशील समाजाला आवडतो की नाही, हे पाहून त्यांनी वकिली केली नाही. संततिनियमनाच्या प्रचारामुळे सगळ्यांच्या रोषाला पात्र झालेल्या र. धों. कर्व्यांसाठीही ते न्यायालयात उभे राहिले.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक विहारात एनडीपीएस जाणणाऱ्या दोन-तीन वकिलांची नावं, प्राधिकरणाचा पत्ता आणि पहिल्या २४ तासांत काय करायचं याची यादी लावलेली असावी. जयंतीच्या वर्गणीतला काही भाग कायदेशीर मदतीसाठी बाजूला काढावा. आणि पोरगं आत गेलं की त्याच्या आईसोबत कोर्टात जाणारा एक तरी कार्यकर्ता असावा. ते बाहेर आल्यावर त्याला पाचवं शील सांगण्याचा अधिकार त्याच कार्यकर्त्याला असेल.

जयभीम!